भांडी गार का निघतात?

एक्स्टीसी करून आयटीत गेलेल्या माणसाची घरात मोठी गोची असते. ऑफिसात आपण दिवसभर जावा लिहितो, पण घरी मिक्सर अडकला, ट्यूब फडफडली किंवा शेजारच्या काकूंचं वायफाय रुसलं की "तू इंजिनीअर ना रे?" हा प्रश्न ठरलेला. डिग्रीच्या नावातच 'इलेक्ट्रॉनिक्स' असल्यामुळे अंग काढून घ्यायचीही सोय नाही. तर या जानेवारीत आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या डिशवॉशरने पाणी तापवणं सोडलं आणि ते तिकीट अर्थातच माझ्या नावावर पडलं.

डिशवॉशर म्हटलं की अजूनही बऱ्याच मराठी घरांत भुवया वर जातात. "चार माणसांच्या भांड्यांना मशीन कशाला?" आमच्याकडेही हेच मत होतं. मग २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाउन लागला, सोसायटीच्या गेटवर मावशींना आत सोडेनात, आणि भांड्यांचा ढीग घरच्यांवर आला. ताटं-वाट्या आम्ही वाटून घ्यायचो, पण कढई आणि कुकर आई दुसऱ्या कोणाला देईना. तिचं मनगट आधीपासून दुखायचं. २०२१ मध्ये कार्पल टनलचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता घासघिशीचं काम बंद. मावशी परत आल्या, पण झाडू-फरशीपुरत्या. वर्षानुवर्षं साबणाच्या पाण्यात राहून त्यांच्याही बोटांना चिरा पडल्या होत्या, भांड्यांची कामं त्यांनी सगळीकडचीच सोडली. मला नुकती नोकरी लागली होती. त्या दिवाळीत मशीन आलं.

म्हणजे आमच्याकडे हे मशीन चैनीचं नाही, आईच्या मनगटाचं आहे. हे आधीच सांगितलं, कारण मशीन बिघडल्यावर काय झालं ते त्याशिवाय कळणार नाही. एके दिवशी बाबा हळूच म्हणाले, "तुझी आई रात्री सगळे झोपल्यावर मशीनमधली भांडी परत घासते." विचारलं तर आई म्हणाली, "काही नाही रे, जरा ओशट राहतात. हात फिरवला की झालं." वरणाच्या पातेल्यावर बोट फिरवून पाहिलं. तुपाचा थर जसाच्या तसा.

आता थोडी थिअरी. मशीनला हात नसतात. ते तीन गोष्टींवर चालतं: पाण्याचा मारा, डिटर्जंट आणि उष्णता. पाण्याच्या माऱ्याने भांडी धुवायची कल्पना जोसेफाइन कॉक्रेन या अमेरिकन बाईंची. १८८६ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मशीन मांडलं. पण नुसत्या माऱ्याने तूप निघत नाही. तूप साधारण ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, आणि जानेवारीत आमच्या नळाचं पाणी २४-२५ अंशांवर असतं. त्या पाण्यात तूप वितळत तर नाहीच, उलट थिजून इकडचं तिकडे पसरतं. डिटर्जंटच्या टॅब्लेटमध्ये एन्झाइम असतात, प्रथिनं तोडणारे वेगळे आणि भात-पिठाचा चिकटा तोडणारे वेगळे. त्यांनाही कोमट ते गरम पाणी लागतं. म्हणजे हीटर गेला की मशीनचे तीनपैकी दोन पाय लंगडे, आणि राहतो तो फक्त आवाज.

वॉरंटी केव्हाच संपली होती. सर्व्हिसवाल्यांना बोलावलं. एक तरुण मुलगा आला, पाठीवर सॅक, हातात फोन, पुढचे चार कॉल डोक्यावर. त्याने क्विक प्रोग्राम लावला, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि निदान केलं, "सर, हीटिंग असेंब्ली जाणार. ९,८०० प्लस लेबर." काही मोजलं का, विचारलं तर म्हणाला, "नाइंटी पर्सेंट केसेसमध्ये तेच असतं." त्या मुलावर माझा राग नाही. दिवसाला तेवढे कॉल मलाही दिले तर मीसुद्धा सर्व्हर रीस्टार्ट करूनच तिकीट बंद करीन. पण 'पाणी तापत नाही' हा काही एक बिघाड नाही, ते लक्षण आहे. त्यामागे निदान अर्धा डझन कारणं असू शकतात: हीटरची कॉइल तुटलेली, तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलणारा, पाणी कमी भरलेलं, फिरवणारा पंप मंद, सुरक्षेचा कटआउट उडालेला, किंवा कंट्रोल बोर्डवरून हीटरपर्यंत वीजच न पोचणारी. पाणी फिरतंय अशी खात्री पटल्याशिवाय हीटर लागू नये अशी सोयही मशीनमध्ये असते, नाहीतर कोरडा हीटर जळून जाईल. थोडक्यात हीटर हा साखळीतला शेवटचा माणूस. वरच्या कोणीही सही अडवली तरी काम याचंच अडतं, आणि बदली होते तीही याचीच!

सर्व्हिसवाला गेल्यावर मी आईला विचारलं, "नक्की कधीपासून?" ती उठली आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं.

आमच्या आईच्या कालनिर्णयात सगळं असतं. गॅस कधी लावला, दूध कधी कमी आलं, मावशींची सुट्टी. त्यातच जानेवारीच्या पानावर बारीक अक्षरात 'मशीन गार' अशा सात नोंदी. प्रॉडक्शनचे लॉग मिळवायला मला ऑफिसात तीन मेल आणि एक अप्रूव्हल लागतं. इथे लॉग भिंतीवर टांगलेला होता, आणि सर्व्हिसवाला त्याच्याखाली उभा राहून माझ्याशी बोलून गेला.

सात तारखा घेऊन आम्ही दोघं बसलो. संक्रांतीचं हळदीकुंकू, आत्याकडची मंडळी आली तो रविवार, बाबांचे मित्र जेवायला होते ती रात्र... ज्या दिवशी मशीन लागोपाठ दोनदा लावलं, त्या दिवशी दुसरी खेप गार. एकदाच लावलं त्या दिवशी नोंद नाही. आईने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली खेप संपल्यावर दार उघडलं की तिच्या चष्म्यावर वाफ येते, दुसऱ्या वेळी येत नाही. आणि दुसऱ्या खेपेला प्रोग्राम लांबतो, "सिरियल संपून बातम्या लागल्या तरी आटपत नाही."

इथे अर्धं काम झालं होतं. कॉइल तुटली असती तर पाणी कधीच तापलं नसतं. तुटलेली तार सकाळी जोडली जाऊन रात्री परत तुटत नाही. मशीन थंड असताना चालतं आणि गरम झाल्यावर सोडतं, म्हणजे कुठलातरी सांधा तापला की उघडतोय. प्रोग्राम लांबतो याचा अर्थ सेन्सर प्रामाणिकपणे 'अजून गार आहे' सांगतोय आणि मशीन वाट बघत बसतंय.

तर्क छान होता, पण मोजल्याशिवाय त्याला किंमत नाही. आणि मोजायला लगेच मशीन उघडायची गरज नसते. तुमच्या विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो ना, तो फुकटचा वॉटमीटर आहे. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं लिहिलंय. हीटर २००० वॉटचा, म्हणजे तासाला २ युनिट, ६४०० लुकलुक, मिनिटाला सुमारे १०७. हीटर बंद असेल आणि नुसता पंप चालू असेल तर मिनिटाला चार-पाच. इतका फरक डोळ्यांना सहज कळतो.

शनिवारी सकाळी घरातलं बाकी सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. मी तळमजल्यावर मीटर रूममध्ये, आई चौथ्या मजल्यावर मशीनसमोर, दोघांच्या कानाला फोन. पहिली खेप: मिनिटाला ११०. हीटर ठणठणीत. वॉचमनकाका डोकावले, "काय दादा, बिल जास्त आलं?" म्हटलं, नाही काका, भांडी घासतोय. ते काही न बोलता निघून गेले :-)

पहिली खेप संपल्या संपल्या दुसरी लावली. पाणी भरलं, पंप लागला, मग हीटर. ११०. दुसऱ्या मिनिटालाही तेवढेच. तिसरं मिनिट संपता संपता दिवा एकदम मंदावला. पुढच्या मिनिटात मोजून पाच.

साधारण चार लिटर पाणी २४ अंशांवरून ६० वर न्यायला सहाशे किलोज्यूल लागतात, म्हणजे २ किलोवॉटला निदान पाच मिनिटं, आणि भांडी तापवायची धरली तर आठ-दहा. तीन मिनिटांत काम होणं शक्यच नव्हतं. व्होल्टेजचंही कारण नव्हतं. २३० चं २०० झालं तरी हीटर दीड हजार वॉट देतो, शून्य नाही. मी हे आकडे जुळवत असतानाच फोनवर आई म्हणाली, "अरे, वास येतोय. इस्त्रीचा प्लग जळताना यायचा ना, तसा."

"आई, भिंतीवरचं बटण बंद कर. आधी ते."

तिने केलं. मी जिने चढत वर आलो आणि प्लगही काढून टाकला. हे मशीन आम्ही रोज रात्री लावून झोपायचो. दोन हजार वॉट, जळका सांधा आणि झोपलेलं घर. तुपाच्या थरापेक्षा हा विषय फार मोठा होता.

दार उघडलं तर पाणी जेमतेम कोमट. पाच मिनिटं थांबलो (बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, आणि चालू मशीनमध्ये मल्टिमीटर घालायचं धाडस मी करत नाही), मग पॅनल काढलं. तारांचे फोटो काढून ठेवले. हीटरकडे जाणारा जाड तारांचा कनेक्टर बोर्डवरून उपसला आणि तारांच्या बाजूने मोजलं: २७ ओहम. हिशोबाने २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे साडेसव्वीस यायला हवेत. म्हणजे मशीन गरम असतानाच, बिघाड ताजा असतानाच, कॉइल, कटआउट आणि तारा हा सगळा रस्ता शाबूत होता. बॉडीशी कुठे गळती दिसली नाही. सेन्सरचा रेझिस्टन्स गरम असताना कमी आणि गार होत गेला तसा वाढत गेला, जसा असायला हवा तसाच. उरला एकच संशयित. बोर्ड उलटा केला तर रिलेच्या एका पिनेभोवती तपकिरी डाग, आणि टॉर्च तिरका धरल्यावर सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर.

रिले म्हणजे छोट्या विजेने चालणारं मोठ्या विजेचं बटण. इथून साधारण पावणेनऊ अँपिअर करंट जातो. आता गणित बघा. त्या चिरेमुळे सांध्यात फक्त ०.३ ओहम रेझिस्टन्स आला तरी करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे जवळजवळ २३ वॉट उष्णता मिरीच्या दाण्याएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा मिळतो! म्हणजे मशीनने स्वतःचा सांधा स्वतःच वितळवायला घेतला होता. तापला की चीर रुंदावते, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापतो, शेवटी उघडतो. गार झाला की परत टेकतो. रोज एकदा धरलं तरी चार वर्षांत पंधराशेच्या आसपास खेपा, आणि प्रत्येक खेपेला हा सांधा तापून, फुगून, आकसून जातो. वायर सारखी सारखी वाकवली की तुटते, तसंच हे.

घरी आयर्न आहे, पण दोन हजार वॉटच्या सांध्यावर हात साफ करून घ्यायची जागा ही नव्हे. बोर्ड घेऊन कल्याणला गेलो. स्टेशनच्या पश्चिमेला एका गल्लीत एक काका बसतात. पूर्वी पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करायचे. ते टीव्ही गेले, आता वॉशिंग मशीन आणि एसीचे बोर्ड करतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग आणि लाकडी फळीवर बल्ब लावलेला सिरीज बोर्ड. त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरला.

"ड्राय सोल्डर. पण नुसतं सोल्डर मारून देणार नाही मी. रिलेचे आतले पॉइंट पण जळले असतील." त्यांनी रिले काढला, कॉइलला बारा व्होल्ट दिले आणि पॉइंट बल्बच्या सिरीजमध्ये घातले. बल्ब लागला, पण रिलेवर टकटक केल्यावर मिचमिचायला लागला. "बघ. सोळा अँपिअरचा आण, बारा व्होल्टचा, पिना अशाच. माझ्याकडे दहाचे आहेत, ते लावणार नाही."

"काका, दहाचा चालणार नाही? करंट नऊच्या आत आहे."

"चालेल. कुठवर चालेल ते तू सांग."

यावर इंजिनीअरने काय बोलायचं? दुसऱ्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन दोन रिले आणले, ६० रुपयांना एक. काकांनी जुनं सोल्डर पंपाने ओढून काढलं, पिना घासल्या, नवा रिले बसवला आणि जळलेल्या पट्टीवर तांब्याच्या तारेचा तुकडा टाकून वरून सोल्डर भरलं. तीनशे रुपये घेतले. निघताना विचारलं, "जळका वास कोणाला आला म्हणालास?" म्हटलं, आईला. "मग तिला सांग, परत आला तर पहिलं बटण बंद, मग तुला फोन."

घरी येऊन जोडलं आणि परत मीटर रूम गाठली. लागोपाठ दोन खेपा, दोन्ही वेळेला ११० च्या आसपास, आणि दहाव्या मिनिटाच्या सुमाराला दिवा आपसूक मंदावला. आईचा फोनवर आवाज: "चष्मा धुरकटला रे!"

खर्च झाला ४२० रुपये आणि दोन शनिवार. पण ९,८०० वाचले म्हणून हे लिहीत नाहीये. ते ९,८०० भरले असते तर नवा हीटर त्याच जळक्या रिलेला जोडला गेला असता. गार मशीनवर पहिली खेप छान झाली असती, सर्व्हिसवाला सही घेऊन गेला असता, आणि आम्ही निर्धास्तपणे रात्री मशीन लावून झोपलो असतो. चुकीच्या निदानाची खरी किंमत ही असते.

यावरून सगळ्यांचे रिले बदलायला निघू नका. ऑफिसात, ठाण्याला, माझ्या टीममधल्या एकाचं मशीनही गेल्या वर्षी गार झालं होतं. तो घोडबंदर रोडला राहतो, सोसायटीला टँकरचं बोअरवेलचं पाणी. जड पाण्यातले क्षार हीटरवर बसून पांढरा थर झाला होता आणि त्याखाली कॉइल खरंच जळली होती. त्याला हीटरच बदलावा लागला, आणि ते बरोबरच होतं. मशीनमध्ये मीठ घालायचं ते यासाठीच. पाणी मऊ करणारं जे रेझिन आत असतं ते मिठाने पुन्हा ताजं होतं. आमच्याकडे उल्हास नदीचं पाणी, त्यात क्षार कमी, त्यामुळे आमचा हीटर चार वर्षांनीही चकचकीत. लक्षण एकच, कारण वेगळं.

आणखी एक. माझ्या मशीनचा सर्किट डायग्राम मला कुठेही मिळाला नाही, मागूनही नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टलही सुरू झालं, आणि त्यात घरगुती उपकरणं हे एक क्षेत्र आहे. चांगली गोष्ट आहे. पण नकाशा मिळेपर्यंत आपली भिस्त कल्याणच्या काकांसारख्यांवर, आणि त्यांच्या हाताखाली कोणी शिकताना मला दिसलं नाही.

तुमचं मशीन, गीझर, काहीही गार पडलं तर मेकॅनिकला फोन करण्याआधी ते रोज वापरणाऱ्या माणसाला पाच प्रश्न विचारा. कधीपासून, रोज की कधीकधी, पहिल्या खेपेला की दुसऱ्या, आवाज बदलला का, वास आला का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर बाकीचे चार नंतर, आधी बटण बंद.

आता आम्ही मशीन रात्री लावत नाही. संध्याकाळी सात वाजता, सगळे जागे असताना लावतो. आई घासत नाही, नुसती खरकटी काढून ताटं रचते. कढई कुठे ठेवायची यावरून तिचा आणि बाबांचा रोज वाद होतो, पण तो बग माझ्याकडे असाइन झालेला नाही. फेब्रुवारीच्या पानावर गॅस आहे, मावशींच्या दोन सुट्ट्या आहेत, दूध एकदा फाटलं आहे. मशीनबद्दल काही नाही.